‘गॉथिक’ कोणाचे?



२०१८ च्या जून महिन्यात बहारीनच्या मनामा शहरी जागतिक वारसा समितीची बैठक भरली आणि तीत मुंबईच्या ओव्हल मैदानाभोवतालच्या इमारतींचा समूह जागतिक वारसा म्हणून मान्य झाला. मैदानाच्या पूर्वेस उच्च न्यायालय, विद्यापीठाचे ग्रंथालय, राजाबाई टॉवर व जुने सचिवालय. पश्चिमेस १९३० नंतरची ‘आर्ट डेको’ पद्धतीची घरे. पूर्वेकडच्या इमारतींची शैली ‘व्हिक्टोरियन गॉथिक’ म्हणून नोंदली गेली. व्हिक्टोरिया कोण, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. परंतु ‘गॉथिक’ म्हणजे काय, असे विचारले तर सांगणारे थोडे, आणि सांगतील त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळणार नाहीत. कोणी टोकदार कमानी म्हणेल, कोणी भुताखेतांच्या कादंबऱ्या म्हणेल. छापखान्यात उमेदवारी केलेला माणूस जुन्या जर्मन ठशाचे नाव घेईल. आणि आजचा महाविद्यालयीन विद्यार्थी काळे कपडे घालून डोळ्यांभोवती काजळ फासणाऱ्या मुलामुलींकडे बोट दाखवील. चौघांचेही बरोबर आहे. परंतु एका शब्दाला इतके अर्थ कोणी चिकटवले आणि त्यांत चिकटवणाऱ्यांचे प्रयोजन काय होते, हे पाहू लागले म्हणजे भाषाशास्त्राची वाट सुटते आणि इतिहासाची, किंबहुना अर्थशास्त्राची, वाट लागते.

गॉथ ही मुळात एका जर्मानिक लोकसमूहाची संज्ञा. इसवी सनाच्या चौथ्या शतकात हे लोक डॅन्यूब नदीच्या उत्तरेस राहात होते. पूर्वेकडून हूणांचा रेटा आला तेव्हा ३७६ साली त्यांचे तांडे बायकामुलांसह नदीकाठी येऊन उभे राहिले आणि रोमन साम्राज्यात आसरा मागू लागले. सम्राट व्हालेन्सने तो दिला. सैन्याला माणसे हवीच होती. पण नदी ओलांडून आलेल्यांची व्यवस्था ज्या अधिकाऱ्यांकडे होती त्यांनी धान्य दाबून ठेवले आणि उपाशी माणसांना कुत्र्याचे मांस विकले. मोबदल्यात एकेका कुत्र्यामागे एकेक माणूस गुलाम म्हणून घेतला. त्यांत गॉथ सरदारांची मुलेही होती. ही हकीगत अम्मिआनुस मार्केलिनुस या, स्वतः रोमन सैन्यात नोकरी केलेल्या, इतिहासकाराने नोंदवून ठेवली आहे. दोन वर्षांनी एड्रियानोपलच्या रणांगणावर याच निर्वासितांनी सम्राटासह रोमन सैन्याचा फडशा पाडला, आणि ४१० साली अलारिकच्या नेतृत्वाखाली गॉथांनी रोम लुटले. पाठ्यपुस्तकांत रोमची लूट राहिली. कुत्र्यांचा भाव तळटीपेत गेला.

ज्यांची ओळख पुढे ‘रानटी’ म्हणूनच करून दिली जाऊ लागली, त्यांच्याच वुल्फिला नावाच्या बिशपने त्याच चौथ्या शतकात लिपी तयार करून बायबल त्यांच्या बोलीत आणले. जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने लिहिलेली त्याची सहाव्या शतकातली प्रत स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात जपलेली आहे. जर्मानिक कुळातील कोणत्याही भाषेत इतके विस्तृत लेखन त्याच्या आधीचे मिळत नाही.

आता गंमत अशी की, ज्या मंदिरांना आपण गॉथिक म्हणतो त्यांच्याशी या लोकांचा सुतराम संबंध नाही. स्पेनमधील गॉथांचे राज्य ७११ साली बुडाले. टोकदार कमान, छताचा भार पेलणाऱ्या दगडी फासळ्या आणि त्यांमुळे भिंतींना उघडता आलेल्या उंच रंगीत खिडक्या यांचा मेळ पॅरिसजवळच्या सँ-दनी येथे अ‍ॅबट सूजेर याच्या देखरेखीखाली बसला तो ११४० ते ११४४ या काळात, म्हणजे चारशेहून अधिक वर्षांनी. बांधणाऱ्यांनी आपल्या कामाला गॉथिक म्हटले नाही. फ्रान्सबाहेर त्याला ‘फ्रेंच काम’ म्हणत. गॉथांचे नाव त्याला जोडले इटलीतील विद्वानांनी, शिवी म्हणून. जॉर्जो वासारी याचा कलावंतांच्या चरित्रांचा ग्रंथ १५५० साली निघाला. त्यात रोमन प्रमाणबद्धता मोडणाऱ्या या बांधणीचे खापर त्याने रोम मोडणाऱ्या गॉथांवर फोडले. जे आपल्या अभिरुचीत बसत नाही ते शत्रूच्या नावावर खपवायचे, ही रीत आपल्याकडच्या साहित्यचर्चेलाही अपरिचित नाही. पुढे क्रिस्टोफर रेनने मात्र या शैलीला गॉथिक न म्हणता ‘सारासेन’ म्हणावे असे मत दिले. म्हणजे तिचे मूळ त्याला मुस्लिम जगात दिसत होते. हे मत सगळेच्या सगळे टिकणारे नाही. पण कैरोमधील इब्न तुलूनच्या मशिदीत टोकदार कमानींच्या रांगा नवव्या शतकातच उभ्या होत्या, ही गोष्ट नाकारता येत नाही. युरोपच्या ख्रिस्ती आत्म्याचा अस्सल उद्गार म्हणून ज्या कमानीची थोरवी गायिली जाते तिचा पत्ता असा आहे.

शिवी म्हणून दिलेला शब्द इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात एकाएकी अभिमानाचा झाला. राजाच्या निरंकुश सत्तेविरुद्ध पार्लमेंटची बाजू घेणाऱ्यांना जुना दाखला हवा होता. तो त्यांनी जर्मानिक लोकांच्या सभांमध्ये शोधला. गॉथ हे स्वतंत्र पुरुषांच्या सभेत राजा निवडणारे लोक, आणि आपली राज्यव्यवस्था ही त्यांच्याकडून आलेली ‘गॉथिक राज्यघटना’, अशी मांडणी झाली. त्यात इतिहास कमी, वकिली अधिक होती; आणि त्या स्वतंत्र पुरुषांत कुळे, मजूर व बायका धरलेल्या नव्हत्या. तरी हा अर्थ मुरला. १८३४ साली हिशेबाच्या जुन्या लाकडी काठ्या भट्टीत जाळताना वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्याला आग लागली आणि पार्लमेंटची सभागृहे खाक झाली, तेव्हा नवी इमारत गॉथिक वा एलिझाबेथकालीन शैलीचीच हवी, अशी अटच घालण्यात आली. चार्ल्स बॅरी आणि ऑगस्टस प्युजिन यांनी बांधलेली ती इमारत आज साऱ्या जगाच्या ओळखीची आहे. तिच्याविषयी एवढेच ध्यानात ठेवायचे की, ज्या वर्षी आग लागली त्याच वर्षी या पार्लमेंटने गरिबांविषयीचा नवा कायदा करून निराश्रितांना तुरुंगवजा वर्कहाउसचा रस्ता दाखवला होता. प्युजिनला हे खुपले. तो कट्टर कॅथलिक होता, समाजवादाशी त्याला कर्तव्य नव्हते. परंतु ‘कॉन्ट्रास्ट्स’ या आपल्या पुस्तकाच्या १८४१ च्या आवृत्तीत त्याने मध्ययुगीन धर्मशाळा आणि आधुनिक वर्कहाउस यांची चित्रे शेजारी शेजारी छापली. इमारतीकडे पाहून समाजाची परीक्षा करण्याचा पाठ इंग्रजी वाचकाला त्याने दिला.

भीतीचा अर्थ या शब्दाला मिळाला तो याच्या आधी, आणि तोही एका बड्या घरातून. पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल याचा मुलगा होरेस याने १७६४ साली ‘द कॅसल ऑफ ओट्रान्टो’ ही कादंबरी टोपणनावाने छापली व दुसऱ्या आवृत्तीत तिला ‘गॉथिक कथा’ असे उपनाम दिले. पडका किल्ला, तळघर, वारसाहक्काचा गुन्हा, आणि पूर्वजांचे पाप वंशजांना भोवणे. हा साचा तेथून सुरू झाला. सरंजामी व्यवस्था मावळत असताना तिचे भूत मध्यमवर्गाच्या उशाशी बसले, असे याचे वर्णन करता येईल. पुढे भुताने मालक बदलला. १८१२ च्या फेब्रुवारीत यंत्रे फोडणाऱ्या विणकरांना फाशी देणाऱ्या विधेयकाविरुद्ध बायरनने उमरावांच्या सभेत भाषण केले. १८१६ साली जिनिव्हाच्या सरोवराकाठी याच बायरनच्या बंगल्यात जमलेल्या मंडळींत भुताच्या गोष्टी लिहिण्याची पैज लागली आणि तीतून मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ जन्मली. माणसाने निर्माण केलेली वस्तू माणसावर उलटते, ही तिची कल्पना यंत्रयुगातली आहे, तळघरातली नाही. मार्क्सने ‘भांडवल’ ग्रंथाच्या पहिल्या खंडात, कामाच्या दिवसाविषयीच्या प्रकरणात, भांडवलाला रक्तपिपासू व्हॅम्पायरची उपमा दिली ती १८६७ साली. ब्रॅम स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’ प्रसिद्ध झाला १८९७ साली. रक्त पिणाऱ्याचा शोध कादंबरीकारानेच लावला असे समजणाऱ्यांनी या तारखा पाहाव्यात.

जर्मनीतली कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. १७७२ साली तरुण गटेने स्ट्रासबुर्गचे मंदिर पाहून ही जर्मन वास्तुकला होय असे जाहीर केले. १२४८ साली सुरू होऊन सोळाव्या शतकात अर्धवट पडलेले कोलोनचे मंदिर राष्ट्रीय कार्य म्हणून १८४२ साली पुन्हा हाती घेतले गेले व १८८० साली कैसरच्या उपस्थितीत पूर्ण झाले. दरम्यान ही शैली फ्रेंच आहे हे खुद्द जर्मन संशोधकांनी दाखवून दिले होते. पण राष्ट्रवादाला संशोधनाची अडचण सहसा होत नाही. अक्षरांचे तर याहून विचित्र झाले. गुटेनबर्गच्या काळापासून चालत आलेला टोकदार काळा ठसा नाझींनी अस्सल जर्मन म्हणून मिरवला, आणि जिंकलेल्या देशांत तो कोणी वाचीना असे दिसताच ३ जानेवारी १९४१ च्या परिपत्रकाने त्याला ‘यहुदी अक्षर’ ठरवून बंद केले. इकडे अमेरिकेत ‘गॉथिक’ म्हणजे कसलेही फाटे नसलेले, साधे, जाहिरातीचे अक्षर, नेमके उलटे. आणि १९८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये एका उदास संगीताच्या चाहत्यांना ‘गॉथ’ म्हणू लागले. या निरुपद्रवी मुलांना केवळ वेषासाठी मारहाण होते असे दिसून आल्यावर २०१३ साली ग्रेटर मँचेस्टरच्या पोलिसांनी अशा हल्ल्यांची नोंद द्वेषमूलक गुन्हा म्हणून करण्यास आरंभ केला. म्हणजे सोळाशे वर्षांनी हे पुन्हा माणसांच्या एका गटाचे नाव झाले, आणि पुन्हा मार खाणाऱ्यांचे.

परंतु आपल्या चळवळीच्या दृष्टीने या शब्दाचा सर्वांत मोलाचा अर्थ सापडतो तो १८५३ साली, जॉन रस्किनच्या ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडातल्या एका प्रकरणात. गॉथिकचे स्वरूप काय, हा त्या प्रकरणाचा विषय. कमानी आणि खांब यांच्या मोजमापाने त्याचे समाधान होत नाही. तो पाहतो ते कोरणाऱ्याच्या हाताकडे. ग्रीक वा ॲसीरियन नक्षीत कारागिराला आखून दिलेली आकृती बिनचूक उतरवावी लागे. तो हुकमाचा ताबेदार. मध्ययुगीन मंदिराच्या दगडात मात्र वेडीवाकडी पाने, बेढब जनावरे, चुकलेली प्रमाणे दिसतात, कारण तेथे कोरणाऱ्याला स्वतःचे डोके चालवायला मुभा होती. चूक करण्याची मोकळीक हीच माणूसपणाची खूण, आणि निर्दोष सफाईचा आग्रह धरणारा समाज कामगाराचे यंत्र करतो, असा त्याचा सिद्धान्त आहे. उदाहरण त्याने काचेच्या मण्यांचे दिले आहे. काचेच्या कांड्यांचे तुकडे पाडणारे लोक दिवसभर तेवढेच करीत बसतात, त्यांचे हात अखंड थरथरत असतात. असे मणी विकत घेणारी प्रत्येक बाई नकळत गुलामांच्या व्यापारात भागीदार होते, येथपर्यंत तो जातो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे टाचणीच्या कारखान्याची आठवण व्हावी. ॲडम स्मिथने १७७६ साली श्रमविभागाचे गुणगान त्या कारखान्यापासून सुरू केले. एका टाचणीची अठरा कामे अठरा हातांत दिली की उत्पादन शेकडो पटींनी वाढते, हे त्याचे गणित चुकीचे नाही. स्मिथ प्रामाणिक होता; असा कामगार बुद्धीने मंद होत जातो, हेही त्याने त्याच ग्रंथाच्या पाचव्या भागात कबूल केले आहे. परंतु त्याने ती गोष्ट खर्चाच्या बाजूला मांडली नाही, सरकारने थोडे शिक्षण द्यावे एवढ्यावर सोडून दिली. रस्किनने ती खर्चात धरली. टाचणी वाढली हे खरे, पण वाटून तुकडे झाले ते कामाचे की करणाऱ्याचे, हा त्याचा प्रश्न. मजुरी किती मिळाली याच्या पलीकडे, ती मिळवताना माणसाचे काय झाले, हा प्रश्न ज्या अर्थशास्त्राच्या ताळेबंदात नाही ते अपुरे आहे. आणि आपल्या कामगार संघटनांच्या मागणीपत्रकांतही तो क्वचितच दिसतो, हे मान्य केले पाहिजे. महागाई भत्त्याचे कलम असते, बोनसचे असते. काम कसे असावे याचे कलम नसते.

रस्किनवर डोळे मिटून विश्वास ठेवावा असे मात्र नाही. त्याने रंगवलेला मुक्त कारागीर बराचसा कल्पनेतला आहे. मंदिरे उठली ती शेतकऱ्याच्या धर्मपट्टीवर आणि नगरांच्या करांवर. १२३३ साली फ्रान्समधील रीम्सच्या नागरिकांनी या ओझ्याविरुद्ध उठाव केला तेव्हा धर्माधिकारी मंडळ शहर सोडून पळाले आणि मंदिराचे काम काही वर्षे थांबले. शिवाय रस्किन स्वतःला जुना टोरी म्हणवीत असे. १८५७ च्या उठावानंतर हिंदी लोकांच्या क्रौर्याचा संबंध त्याने त्यांच्या कलेशी जोडून दाखवला. १८६५ साली जमैकात बंड चिरडताना शेकडो माणसे मारणाऱ्या गव्हर्नर आयरच्या बचावासाठी तो उभा राहिला. मण्यांच्या कारागिराचा थरथरणारा हात ज्याला दिसला त्याला ऊसमळ्यांवरच्या काळ्या माणसाचा हात दिसला नाही.

तरीही विचार लेखकाच्या मर्यादा ओलांडून जातात. १८५४ साली लंडनमध्ये कामगारांसाठी महाविद्यालय निघाले तेव्हा हेच प्रकरण स्वतंत्र पुस्तिका म्हणून छापून तेथे वाटले गेले, आणि रस्किन तेथे चित्रकला शिकवू लागला. विल्यम मॉरिसने ते विद्यार्थिदशेत वाचले. १८८३ साली तो समाजवादी चळवळीत आला, चौकात उभा राहून भाषणे करू लागला, ‘कॉमनवील’ हे पत्र चालवू लागला. आणि १८९२ साली स्वतःच्या केल्म्स्कॉट छापखान्यात त्याने हे प्रकरण नव्याने छापले. त्याची सुंदर पुस्तके आणि पडदे विकत घेण्याची ऐपत श्रीमंतांचीच होती, हा विरोध त्याला स्वतःलाही डाचत असे. दुसरा धागा आपल्या जवळचा आहे. त्याच रस्किनचे ‘अनटू धिस लास्ट’ हे पुस्तक १९०४ साली जोहान्सबर्गहून दरबानला जाताना गाडीत गांधीजींनी वाचले. फिनिक्सची वसाहत त्याच वर्षी उभी राहिली, आणि १९०८ साली त्यांनी त्या पुस्तकाचा गुजराती सारांश ‘सर्वोदय’ या नावाने दिला. मार्क्स आणि गांधी यांच्यामध्ये भिंत बांधणाऱ्यांनी मॉरिस आणि गांधीजी एकाच विहिरीवर पाणी प्यायले होते, हे विसरू नये.

आता मुंबईकडे. १८६२ साली बार्टल फ्रिअर गव्हर्नर होऊन आला, किल्ल्याच्या भिंती पडल्या, आणि अमेरिकेतील यादवीमुळे कापसाच्या पैशाचा पूर आला. विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी व मनोऱ्यासाठी प्रेमचंद रायचंद यांनी मिळून चार लाख रुपये दिले. मनोऱ्याला त्यांच्या आईचे नाव आहे. आराखडे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने लंडनहून पाठवले. मुंबईत त्याने कधी पाऊल टाकले नाही. राजाबाई टॉवर व उच्च न्यायालय ही दोन्ही १८७८ साली पूर्ण झाली, आणि त्याच वर्षी बोरीबंदरावर फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या स्थानकाचे काम सुरू झाले. ते दहा वर्षे चालले आणि त्याला सोळा लाखांहून अधिक रुपये लागले.

१८७६ ते १८७८ ही दक्षिणेतील महादुष्काळाची वर्षे आहेत. लक्षावधी माणसे मेली. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल याने दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी दिवसाला एक रत्तल धान्य व वर एक आणा अशी उतरवली. आपल्या इलाख्यातील मजुरांनी त्याविरुद्ध कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. शेतकरी-मजुरांच्या या संपाचे स्मारक कोठे नाही. टेंपल त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर झाला, आणि वरच्या इमारतींच्या पूर्ततेचा काळ त्याच्याच कारकिर्दीचा. दौंड–मनमाड लोहमार्गाच्या भरावावर दुष्काळी मजूर राबले. त्या मार्गाची गाडी चालवणाऱ्या कंपनीचे मुख्यालय म्हणून बोरीबंदरचा घुमट उठला. दाराच्या एका खांबावर सिंह बसवला, तो इंग्लंड. दुसऱ्यावर वाघ, तो हिंदुस्थान. त्या स्थानकाचे नाव १९९६ साली व पुन्हा २०१७ साली बदलले. वाघ-सिंह जेथे होते तेथेच आहेत.

मग रस्किनचा प्रश्न येथे लागू करायचा की नाही? केला पाहिजे, आणि त्यासाठी मान वर करून पाहावे लागते. बोरीबंदरच्या खांबांवरची पानेफुले, मोर आणि माकडे जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातची आहेत. राजाबाई टॉवरवर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातींच्या मूर्ती उभ्या केल्या आहेत. साम्राज्याला आपली रयत अशी, जातवार, कोनाड्यात मांडलेली आवडत असे. त्या घडवण्याचे श्रेय रावबहादुर मुकुंद रामचंद्र या साहाय्यक अभियंत्याला जाते. स्कॉटचे नाव मार्गदर्शक पुस्तिकांत पहिल्या ओळीत असते, मुकुंद रामचंद्रांचे शोधावे लागते. आणि उच्च न्यायालयाच्या एका खांबाच्या माथ्यावर एक माकड कोरलेले आहे. त्याच्या एका डोळ्यावर पट्टी आहे, हातात न्यायाचा तराजू आहे. बांधकामावरच्या एका पारशी पोटकंत्राटदाराचा गोऱ्या कंत्राटदाराशी दावा झाला, तो हरला, आणि मग त्याने हे माकड कोरवून घेतले, अशी आख्यायिका वकीलवर्गात सांगितली जाते. आख्यायिका खरी असो वा नसो, माकड खरे आहे. लंडनहून आलेल्या कोणत्याही नकाशात ते असणे शक्य नव्हते. दीडशे पावसाळे त्याने काढले, आणि त्याच्या हातातला तराजू अजून एका बाजूला कललेला आहे.